लातूरच्या सौद्यात जिनिव्हाचा हात किती?

२८ मे २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपयांवरून ५,३२८ रुपये झाला, म्हणजे ४३६ रुपयांची वाढ. बरोबर दोन दिवसांनी, ३० मेला, केंद्राची आणखी एक अधिसूचना निघाली. कच्चं सोयातेल, पामतेल आणि सूर्यफूल तेल यांच्यावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. पहिली बातमी मराठवाड्यातल्या घराघरात पोहोचली. दुसरी फारशी कुणी वाचली नाही. खरं तर मोंढ्यातल्या भावावर दुसरीचा परिणाम आधी होतो. हमीभावाला खरेदी केंद्र लागतं, नोंदणी लागते, बारदाना लागतो, ओलाव्याची अट पाळावी लागते. शुल्काला यातलं काही लागत नाही. अधिसूचना निघाली की सोयाबीनचं तेल काढणारा प्लांटवाला लगेच नव्या हिशेबाने भाव काढतो.

हे शुल्क कोण ठरवतं, जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत किती ठरवू शकतं आणि परदेशांशी चालणाऱ्या व्यापार बोलण्यांत त्याचं काय होतं, हे लातूर, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या शिकलेल्या पोरांना नीट कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अवघड शब्द बाजूला सारले तर खाली उरतं ते साधं गुणाकार-बेरजेचं गणित.

अठरा किलो तेल, ऐंशी किलो पेंड

एक क्विंटल सोयाबीन प्लांटमध्ये गेलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते, बाकी घट. या दोन मालांची किंमत, त्यातून प्लांटचा खर्च आणि नफा वजा, असं करून सौद्यातला भाव निघतो. सोयाबीनचा स्वतःचा वेगळा असा भाव नसतोच. तो तेलाच्या आणि पेंडीच्या भावातून येतो.

भारत आपल्या गरजेच्या जवळपास ६० टक्के खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. एवढी आयात असताना इथलं तेल किती रुपयांना विकायचं हे लातूरचा प्लांट ठरवू शकत नाही. बंदरावर उतरलेलं तेल शुल्क भरून ज्या भावाला पडतं, त्याच्या आसपासच इथल्या तेलाला राहावं लागतं.

समजा बंदरावर सोयातेल १०० रुपये किलोने उतरलं. (हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे.) मे २०२५ च्या आधी मूळ शुल्क २० टक्के होतं, त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर ५ टक्के, आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. एकूण २७.५ टक्के. तेल पडायचं १२७ रुपये ५० पैशांना. मूळ शुल्क १० टक्के झाल्यावर एकूण आकडा १६.५ टक्क्यांवर आला, तेल पडू लागलं ११६ रुपये ५० पैशांना. किलोमागे ११ रुपयांचा फरक. एका क्विंटल सोयाबीनमध्ये १८ किलो तेल, म्हणजे १९८ रुपये.

आता हे शेतावर आणून बघा. पाच एकर सोयाबीन, कोरडवाहू, एकरी सहा क्विंटलचा उतारा. तीस क्विंटलचे झाले ५,९४० रुपये. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार आणि ही रक्कम जवळपास सारखीच. खात्यावर पैसे आले की मोबाइलवर मेसेज येतो. शुल्क कमी झाल्याने गेलेल्या पैशाचा मेसेज येत नाही, म्हणून ते गेले हेही कळत नाही. प्रत्यक्षात सगळाच्या सगळा फरक शेतकऱ्याच्या अंगावर पडतो असं नाही. थोडा परदेशी निर्यातदार खातो, थोडा ग्राहकाच्या पुड्यात जातो, थोडा मध्येच जिरतो. पण झुकाव कुठे आहे ते या हिशेबातून दिसतं.

मग शुल्क वाढवलं की भाव वाढायलाच हवा ना? इथेच पुष्कळांची फसगत होते. १४ सप्टेंबर २०२४ ला सरकारने हेच शुल्क ५.५ टक्क्यांवरून थेट २७.५ टक्क्यांवर नेलं होतं. वरच्याच हिशेबाने क्विंटलला ३९६ रुपये वाढायला हवे होते. तरी त्या हंगामात लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. कारण उरलेली ८० किलो पेंड. पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली की ४०० रुपये गेले, शुल्कवाढीचा सगळा फायदा तिथेच संपला. पेंड उतरायची कारणं दोन. अर्जेंटिना-ब्राझीलच्या मोठ्या पिकामुळे जगात पेंडीचा पूर आला होता. दुसरं कारण घरातलंच. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्तात मिळू लागला. डीडीजीएस हे नाव लक्षात ठेवा, अमेरिकेच्या बोलण्यांत ते पुन्हा येणार आहे.

दावं किती लांब

शुल्क वाढवणं-उतरवणं केंद्राच्या हातात आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. ती कुठून आली ते बघू.

१९४७ मध्ये देशोदेशींच्या व्यापाराबद्दल गॅट नावाचा करार झाला, पण शेतीमाल त्याच्या शिस्तीतून बऱ्याच अंशी बाहेरच राहिला. १९८६ ते १९९४ या काळात उरुग्वे फेरीची बोलणी झाली, त्यात शेती आली. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, मुख्यालय जिनिव्हा. त्या वेळी प्रत्येक देशाने प्रत्येक शेतीमालासाठी एक कमाल आकडा लिहून दिला : यापेक्षा जास्त शुल्क आम्ही लावणार नाही. याला बांधील दर म्हणतात. आज प्रत्यक्षात लावलेलं शुल्क हा वेगळा आकडा, लागू दर. खुंट्याला बांधलेल्या बैलाचं दावं जेवढं लांब तेवढ्या घेरात तो चरतो, रोज शेवटच्या टोकापर्यंत जाईलच असं नाही. बांधील दर म्हणजे ते दावं.

शेतीमालावर भारताचा सरासरी बांधील दर ११३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि सरासरी लागू दर ३९ टक्क्यांच्या आसपास. अमेरिका ‘भारताचं शुल्क फार’ म्हणते तेव्हा ती हा ३९ चा आकडा दाखवते. आपले अधिकारी म्हणतात, आम्ही ११३ पर्यंत जाऊ शकतो, जात नाही. दोघंही खरंच बोलत असतात.

सरासरीच्या पोटात मात्र मराठवाड्याला लागू होणारी एक गोष्ट दडलेली आहे. पामतेलासाठी भारताने बांधील दर ठेवला ३०० टक्के. सोयातेलासाठी ४५ टक्के. तेल म्हणून दोन्ही एकमेकांची जागा घेतात, पण सोयाबीनवाल्याच्या वाट्याला दावं आलं ते आखूड. उद्या अर्जेंटिनात तेल मातीमोल झालं तरी सोयातेलावर ४५ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही.

एकदा लिहून दिलेला आकडा बदलतच नाही असं नाही. तांदूळ, मका, दूध पावडर यांवर भारताने पूर्वी शून्य टक्के लिहून दिलेलं होतं. १९९९ मध्ये पुन्हा बोलणी करून ते आकडे वाढवून घेतले गेले. पण फुकट नाही. बदल्यात समोरच्यांना कोटे द्यावे लागले. मक्याचंच घ्या. दरवर्षी सुमारे ५ लाख टन मका १५ टक्के शुल्कात आत येऊ शकतो, त्याच्या वर आणायचा तर ५० टक्के. या पद्धतीला शुल्क-कोटा म्हणतात. व्यापार करारांच्या बातम्यांत हा शब्द दिसला की लगेच दोन प्रश्न विचारायचे : कोटा किती टनांचा, आणि त्याच्या बाहेर शुल्क किती?

जुलै २००८

जागतिक व्यापार संघटनेच्या इतिहासातला एक आठवडा मला इथे सविस्तर सांगायचा आहे, कारण भारताच्या शेतकऱ्याच्या बाजूने इतक्या उघडपणे टेबलावर भांडण क्वचित झालं असेल.

२००१ मध्ये संघटनेतल्या बोलण्यांची दोहा फेरी सुरू झाली होती. सात वर्षं रेटून जुलै २००८ मध्ये जिनिव्हात मंत्र्यांची बैठक बसली. भारताकडून वाणिज्यमंत्री कमलनाथ, अमेरिकेकडून सुझान श्वाब, मध्यस्थ म्हणून संघटनेचे प्रमुख पास्कल लामी. पुष्कळ मुद्द्यांवर जवळीक झाली होती. अडलं ते एका तरतुदीवर, विशेष संरक्षण यंत्रणा. आयात एकाएकी वाढली किंवा बाहेरचा भाव कोसळला, तर विकसनशील देशाला काही काळ बांधील दराच्याही वर शुल्क नेता यावं, एवढंच तिचं म्हणणं.

भांडण आकड्याचं होतं. ही यंत्रणा चालू कधी करायची? अमेरिकेचं म्हणणं, आयात मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या १४० टक्के झाली तरच. भारत, चीन आणि जी-३३ या विकसनशील देशांच्या गटातले देश म्हणत होते ११० टक्के पुरे. ११० आणि १४० मधला फरक कागदावर लहान दिसतो. पण आयात ४० टक्के वाढेपर्यंत थांबायचं म्हणजे ऑक्टोबरात मळणी होऊन माल विकला गेल्यावर, जानेवारीत आकडे जमल्यावर मदतीला धावायचं. आपल्याकडचा बहुतेक शेतकरी माल घरात ठेवू शकत नाही. दुकानदाराची उधारी, पीककर्ज, पोरीचं लग्न, सगळं त्याच राशीवर अवलंबून. त्याच्यासाठी मदत तीन महिने उशिरा येणं आणि न येणं सारखंच.

२९ जुलैला बोलणी मोडली. तेव्हा जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत भारताला आडमुठं ठरवलं गेलं. माझ्या मते भारताची भूमिका योग्यच होती, आणि आजही ती पटते. सोयातेलासारख्या ४५ टक्क्यांवर अडकलेल्या मालाला अशा यंत्रणेची गरज सगळ्यांत जास्त. ती यंत्रणा अजूनही अस्तित्वात आलेली नाही.

अनुदानांचा मुद्दा याला लागूनच आहे. सरकारने हमीभावाने माल घेतला तर ती मदत किती धरायची, हे मोजताना जिनिव्हाच्या नियमात १९८६ ते १९८८ या वर्षांतला आंतरराष्ट्रीय भाव पाया धरलेला आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशी आजचा हमीभाव ताडला की आकडा प्रचंड दिसणारच. विकसनशील देशाला उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच अशी मदत देता येते. २०१३ च्या बाली परिषदेत अन्नसाठ्यासाठीच्या खरेदीला ‘शांतता कलम’ नावाचं तात्पुरतं संरक्षण मिळालं. कायमचा तोडगा निघालेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावावरही अशीच हरकत नोंदवली. जिची स्वतःची कापसाची अनुदानं ब्राझीलने तक्रार करून नियमबाह्य ठरवून घेतली होती आणि २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन जिने ते प्रकरण मिटवलं, तीच ही अमेरिका. तिथला शेतकरी सरासरी साडेचारशे एकरांच्या आसपास कसतो. महाराष्ट्रात सरासरी खातं दीड हेक्टरही भरत नाही.

दोघांतले करार

दोहा फेरी थंडावली तशी देश दोघा-दोघांत करार करू लागले. आजच्या बहुतेक बातम्या याच करारांच्या असतात. यात काय होऊ शकतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण पामतेलाचं आहे. जिनिव्हात आपल्याला ३०० टक्क्यांची मुभा होती. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी २०१० पासून लागू झालेल्या कराराने ती इंडोनेशिया-मलेशियाच्या तेलासाठी टप्प्याटप्प्याने उतरवत २०१९ अखेर कच्च्या तेलाला ३७.५ टक्के आणि शुद्ध तेलाला ४५ टक्क्यांवर आणली. तीनशेचे साडेसदतीस झाले, तेही ज्या देशांतून जवळपास सगळं पामतेल येतं नेमक्या त्यांच्यासाठी. सोयाबीन, करडई, भुईमूग, सूर्यफूल पिकवणाऱ्या भागावर त्याचा जो दाब आला तो करडईच्या घटलेल्या पेऱ्यात दिसतो. एके काळी परभणी-लातूरकडे करडईशिवाय रब्बी नव्हती. शुल्क हे त्याचं एकमेव कारण नव्हे, काटेरी पिकाला काढणीला माणूस मिळेना हेही खरं. पण भाव बरा असता तर मजुरी परवडली असती.

अनुभवातून शहाणपण आलेलं दिसतं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक ठळक कारण होतं. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलिया करारात कापसाला सरसकट सवलत दिली नाही, ५१,००० टनांचा शुल्कमुक्त कोटा दिला. १७० किलोच्या गाठी धरल्या तर तीन लाख गाठी. देशाच्या उत्पादनापुढे हा आकडा छोटा आहे, असा कोटा पचतो. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या करारात दूध, सफरचंद, ओट आणि खाद्यतेल बाहेर ठेवलं गेलं. करारात अशी ‘वगळलेल्या मालाची यादी’ असते. आपलं पीक तिच्यात आहे का, हे पहिल्यांदा बघावं.

आणि मालाचं मूळ कोणतं, हेही. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढल्यावर नेपाळमधून भारतात येणाऱ्या शुद्ध सोयातेलाचं प्रमाण एकदम वाढलं. नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकत नाही. कच्चं तेल बाहेरून आणायचं, तिथे शुद्ध करायचं आणि दक्षिण आशियाई व्यापार कराराच्या सवलतीत शून्य शुल्काने भारतात पाठवायचं, असा तो मार्ग. करारात मूळ देशाचे नियम ढिले ठेवले की दुसऱ्याच देशाचा माल तिसऱ्याच्या नावाने आत येतो आणि शुल्क वाढवूनही उपयोग होत नाही.

अमेरिकेशी बोलणी सगळ्यांत अवघड. १३ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही देशांनी २०३० पर्यंत व्यापार ५०० अब्ज डॉलरवर नेण्याचं ठरवलं आणि करारावर बोलणी सुरू केली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५ टक्के शुल्क लावलं. ७ ऑगस्टला दिल्लीत स्वामीनाथन जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं जाहीर सांगितलं. फेब्रुवारी २०२६ मध्ये अंतरिम कराराच्या चौकटीबद्दल दोन्ही देशांचं संयुक्त निवेदन आलं. भारत ज्यांच्यावरचं शुल्क कमी किंवा रद्द करणार अशा मालात त्यात डीडीजीएस, पशुखाद्यासाठी लाल ज्वारी, सोयातेल, सुकामेवा, फळं, वाइन आणि दारू यांची नावं होती.

या यादीकडे लातूरहून बघा. सोयातेल म्हणजे आपले अठरा किलो. डीडीजीएस म्हणजे आपल्या ऐंशी किलो पेंडीचा प्रतिस्पर्धी. लाल ज्वारी आली तर शाळूला, म्हणजे रब्बीच्या खायच्या ज्वारीला धक्का बसेल असं मला वाटत नाही, तो बाजार वेगळा आहे. पण खरिपाची पावसात काळी पडलेली ज्वारी पशुखाद्याला आणि मद्यनिर्मितीला जाते, तिला मात्र हा माल आडवा येऊ शकतो. किती, हे कोट्यावर ठरेल. ‘सवलत दिली’ या एका शब्दात वीस हजार टनांचा कोटाही बसतो आणि शून्य शुल्काने हवं तेवढंही बसतं. म्हणून निवेदन वाचून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. कराराच्या मागे जोडलेली मालवार वेळापत्रकं वाचायची.

शुल्काशिवायही अडसर असतात. जीएम, म्हणजे जनुक बदललेलं सोयाबीन आणि तसाच मका भारत आत येऊ देत नाही, आणि अमेरिकेचा बहुतेक सोयाबीन-मका जीएम आहे. शुल्क शून्य केलं तरी हा नियम असेपर्यंत दाणा येत नाही. तेलाला ही आडकाठी नाही. पेंडीचं काय होऊ शकतं ते आपण ऑगस्ट २०२१ मध्ये पाहिलं. लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. कोंबडीपालन व्यवसायाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली, कारण पेंड उगवत नाही. नवा माल बाजारात यायच्या वेळेपर्यंत भाव जवळपास अर्ध्यावर आला.

कापूस, तूर आणि तारखा

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणीवर अतिवृष्टी झाली. सिंदफणा, मांजरा, गोदावरीचं पाणी शेतात शिरलं, बोंडं झाडावरच सडली, सोयाबीन काळं पडलं. हाताला लागला तो कापूस ओला. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारी केंद्राची कंपनी, ८ ते १२ टक्के ओलाव्याचा माल घेते, त्यावर गेला तर परत. परत आलेला कापूस खासगी जिनिंगकडे जातो, आणि जिनिंगवाल्याच्या डोळ्यांपुढे बंदरावरची शुल्कमुक्त रुई असते.

इथलाही हिशेब मांडून टाकू. एक क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते. रुई १५० रुपये किलो धरली तर ११ टक्के म्हणजे साडेसोळा रुपये, क्विंटलमागे ५६१ रुपये.

गिरण्यांची बाजू खोटी नव्हती. अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावल्यावर तिरुप्पूरच्या कपड्याला बांगलादेश-व्हिएतनामशी झगडायचं होतं, स्वस्त रुई मिळाली तर थोडा श्वास मिळणार होता. त्या कारखान्यांतही गरिबांचीच पोरं कामाला आहेत. पण अमेरिकेच्या शुल्काचा भार गिरणीवरून उचलून कोरडवाहू कापसावर ठेवायचा असेल, तर त्याची भरपाई त्याच दिवशी, त्याच आदेशात जाहीर व्हायला हवी होती. ती झाली नाही.

तुरीची आयात २०२१ मध्ये मोकळी झाली, मुदत वाढत वाढत मार्च २०२६ पर्यंत आली. मोझांबिक, मलावी, टांझानिया, म्यानमार इथून ती येते. आफ्रिकेची तूर आपल्या काढणीच्या आधी बाजारात पोहोचते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत डाळमिलवाल्याला घाई नसते. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शून्य शुल्काने आला, मुख्यतः कॅनडा आणि रशियातून, आणि हरभऱ्याची जागा खात राहिला. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागलं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि मला सगळ्यात जास्त तीच बोचते. मे २०२५ ची तेलकपात, ऑगस्टची कापूस माफी, पिवळा वाटाणा, तूर, यातलं काहीही करायला कुठल्याही परदेशाने करार करून आपल्याला भाग पाडलेलं नव्हतं. हे आपल्याच सरकारचे निर्णय आहेत, महागाईच्या भीतीने किंवा कापसाच्या बाबतीत गिरण्यांसाठी घेतलेले. शेतकऱ्याच्या घरातही तेलाचा पुडा विकतच येतो, महागाई त्यालाही लागते, हे मान्य. पण जिनिव्हात ११० टक्क्यांसाठी बोलणी मोडणारा देश स्वतःच्या हातातलं शुल्क ऐन पेरणीच्या आणि वेचणीच्या तोंडावर उतरवतो, तेव्हा बाहेर जिंकलेलं घरात हरल्यासारखं होतं.

यात आपला आवाज कुठे? शेती राज्यांचा विषय आहे, पण परदेशांशी करार करणं केंद्राचा. करार संसदेने मंजूर करावा अशीही अट आपल्याकडे नाही. बोलणी वाणिज्य मंत्रालय करतं, आधी उद्योगांच्या संघटनांशी सल्लामसलत होते. गिरण्या, तेल आयातदार, कोंबडीपालक यांची कार्यालयं दिल्लीत आहेत, आकडेवारी तयार असते, निवेदन वेळेवर पोहोचतं. आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आता सोयाबीनचा वायदा बघतात, गोदाम पावती काढतात. त्यांनी आपल्या खासदारामार्फत, कृषिमूल्य आयोगाकडे, थेट मंत्रालयाकडे लेखी हिशेब पाठवायला हवेत, सही होण्याआधी.

मागायचं काय, याचं एक चांगलं उदाहरण दक्षिण कोरियाने घालून दिलं आहे. अमेरिकेशी करार करताना त्यांनी संत्र्याचं शुल्क महिन्यांनुसार वाटून घेतलं. सप्टेंबर ते फेब्रुवारी ५० टक्के कायम, कारण तेव्हा जेजू बेटावरची त्यांची स्वतःची संत्री बाजारात असतात, आणि मार्चपासून पुढे सवलत. युरोपीय संघही काही फळांवर हंगामाप्रमाणे शुल्क बदलतो. सोयातेलावर ऑक्टोबर ते जानेवारी वरचं शुल्क आणि मार्चनंतर खालचं, कापसाला ऑक्टोबर ते मार्च कोणतीही माफी नाही, कोट्याचा माल उतरायचे महिने करारातच लिहिलेले, असं वेळापत्रक आपल्याला अमेरिकेपुढेही ठेवता येईल आणि कुणापुढे न जाता घरच्या घरीही लागू करता येईल. ४५ टक्क्यांच्या आत सोयातेलाचं शुल्क कोणत्या महिन्यात किती ठेवायचं, याला आज जिनिव्हाची परवानगी लागत नाही. ते जूनच्या पेरणीआधी जाहीर झालं, तर शेतकऱ्याला बियाण्याची बॅग घ्यायच्या आधी आपला हिशेब मांडता येईल.